एसीपीने गोळी घातली, पण त्या सिमवाल्या पोराचं काय झालं?

रामबागची_सून (रविवार, रात्री ११.४०)

मंडळी, रात्री दहाची ती पोलिसांची मालिका बघणारे इथे बरेच जण आहात, म्हणून धागा काढतेय. आजचा भाग ज्यांचा राहिलाय त्यांनी इथेच थांबा. नंतर माझ्या नावाने शंख करायचा नाही.

सहा आठवडे चाललेलं बॉम्बस्फोटाचं प्रकरण आज संपवलं एकदाचं. भर बाजारात स्फोट, मग तो ‘मास्टर’ सापडतो, मग ज्याने बॅग शिवली तो शिंपी, आणि शेवटी ज्याच्या टपरीवरून सिमकार्ड गेलं तो एकोणीस वर्षांचा पोरगा. आज कोर्टात पहिली पेशी होती. वाटेत एसीपी गाडी थांबवतो, मास्टरला उतरवतो, हातकडी काढतो, ‘पळ’ म्हणतो. पाऊस, शंखनाद, नायकाचा भिजलेला चेहरा. खेळ खलास.

आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. कान गेलेत, त्यामुळे टीव्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. त्यांनी खणखणीत टाळी वाजवली, “बरं झालं मेल्याचं!” नवरोबांनीही वाजवली. मुलाने लगेच तो प्रसंग स्टेटसला लावला. मी एकटीच तोंड पाडून बसले. मी इथल्या जिल्हा कोर्टात सत्तावीस वर्षं स्टेनो होते. सहा आठवड्यांत या लोकांनी कोर्ट दाखवलं एकूण चार मिनिटं, आणि त्यातली दोन मिनिटं आरोपीचा वकील पान चघळत हसतोय! इतक्या वर्षांत एवढं हसणारा वकील मी पाहिला नाही. निम्म्यांची फी थकलेली असते.

बरं, तेही जाऊ दे. शिंपी आणि सिमवाला कुठे गेले? मागच्या भागात तो पोरगा लॉकअपमध्ये म्हणतो, “साहेब, मी आधारकार्ड बघूनच सिम दिलं होतं.” त्यानंतर तो मालिकेतूनच गायब. आणि गंमत म्हणजे टाळी वाजवून पाच मिनिटं झाल्यावर सासूबाईंनीच विचारलं, “आणि तो टपरीवाला गं?”

कोणाला काही कळलं असेल तर सांगा.

मल्हारगंजचा_मल्हारी

ताई, सिमवाल्याचं राहू द्या. मास्टरला गोळी घातली यात चुकलं काय? त्याने कबूल केलं होतं ना सगळं? स्फोटात शाळेच्या रिक्षातली पोरं गेली होती, विसरलात? अशा माणसाला जेलात ठेवायचं, वकील द्यायचा, चार वर्षं बिर्याणी चारायची, जशी कसाबला चारली. आपल्या करातून. माझी टाळी एसीपीला.

पोहेजिलेबी

आम्ही सेव भुरभुरून पोहे घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

काळा_कोट

मल्हारीभाऊ, तुमचा राग समजू शकतो, पण बिर्याणी मागे घ्या. कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला दिलीही नव्हती. ही गोष्ट आपण रचली होती असं खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जयपूरला जाहीरपणे सांगितलं. कसाबबद्दल लोकांना कणव वाटायला लागेल म्हणून ती पुडी सोडली, असं त्यांचं म्हणणं. पुडी सोडणारा दहा वर्षांपूर्वी मोकळा झाला आणि आपण अजून भांडी घासतोय.

आता ‘चार वर्षं’. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पकडला, ६ मे २०१० ला खास न्यायालयाने फाशी सुनावली, फेब्रुवारी २०११ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली, २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यात फाशी. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीचा दावा याहून जास्त चालतो. माझ्याकडेच एक आहे, मूळ वादी आणि प्रतिवादी दोघेही वारले.

आणि कबुलीबद्दल. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. टाडा, पोटा आणि मकोका या खास कायद्यांनी त्याला अपवाद केला, वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालेल म्हणून. टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला. सध्या दहशतवादाच्या खटल्यांत जो यूएपीए लावतात त्यात ही सोय नाही. तुमच्या एसीपीने पंखा बंद करून, दिवा डोळ्यावर मारून जी कबुली मिळवली ती कोर्टात एका कागदाच्या किमतीची होती. कदाचित म्हणूनच गोळी घालावी लागली. लेखकाला खटला लिहिता येत नव्हता.

मल्हारगंजचा_मल्हारी

वकीलसाहेब, हेच ते. कायदा पाठ आहे, रिक्षातली पोरं पाठ नाहीत.

हवालदार_निवृत्त

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच इंदूरच्या निरनिराळ्या ठाण्यांत. मालिका घरचे बघतात म्हणून मीही बघतो आणि दर भागाला ब्लडप्रेशरची गोळी घेतो.

पहिली गोष्ट. एवढ्या मोठ्या मुलजिमाला दोन शिपाई आणि एक जीप? आमच्या वेळी असा आरोपी पेशीला आणायचा तर पुढेमागे गाड्या, एसएएफचे (सशस्त्र दलाचे) जवान, रस्ता आधीच तपासलेला, आणि टीआयसाहेब (ठाण्याचे प्रमुख) सकाळपासून उपाशी. हल्ली तर जेलमधूनच व्हिडिओवर पेशी होते. त्यामुळे एसीपीला गोळी घालायची तर टीव्हीच्या पडद्यालाच घालावी लागेल.

दुसरी. स्फोटाच्या जागी एसीपी रुमालाने बॅटरीचा तुकडा उचलतो आणि खिशात टाकतो. खिशात! अरे बाबा, पंच कुठे, पंचनामा कुठे, सील कुठे, मालखान्याच्या रजिस्टरात नोंद कुठे? आमच्याकडे नमुना सागरच्या एफएसएलला, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेला जायचा. सील जरा फाटकं दिसलं की तिथून पाकीट परत. मग टीआयकडून जी पूजा व्हायची ती विचारू नका. वैताग यायचा. पण नंतर कोर्टात वकील विचारतो, “सील तुमच्यासमोर लावलं का? शिक्का कोणाकडे होता?” तेव्हा कळतं की सगळी केस त्या लाखेच्या ठिपक्यावर उभी आहे.

हे असं काम टीव्हीवर कोण बघणार? पण बघण्यासारखं असतं. समझौता एक्स्प्रेसमध्ये फेब्रुवारी २००७ मध्ये स्फोट झाले, ६८ माणसं गेली. न फुटलेल्या एका सुटकेसच्या कव्हरवरून हरियाणाचे पोलीस इंदूरच्या कोठारी मार्केटपर्यंत येऊन पोहोचले होते. कव्हर कुठे शिवलं, कापड कोणाचं, कोणी नेलं. या मालिकेतला तो बॅग शिवणारा बघून मला तेच आठवलं. पुढे २०१९ मध्ये त्या खटल्यातले चौघे आरोपी सुटले, ते वेगळं. पण एका शिलाईवरून पानिपतहून इंदुरापर्यंत येणं याला पोलिसी काम म्हणतात. खाली वाकून पाठीत गोळी घालायला पोलीस कशाला लागतो?

पोहेजिलेबी

काका, दंडवत. मालिकावाल्यांनी तुम्हाला सल्लागार नेमावं.

हवालदार_निवृत्त

नेमलं तर पहिल्या भागात पंचनामा सुरू होईल आणि अठराव्या भागात संपेल.

बडोदेकर_नाना

इंदूरकरांच्या धाग्यात बडोदेकराची लुडबूड चालेल ना? आमच्याकडेही ही मालिका मोठ्या आवडीने बघतात. माझा मुद्दा जरा वेगळा. ‘कोर्टातून काही होत नाही’ असं जे धरून चाललंय ते खरं नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत तासाभरात वीसेक स्फोट झाले. जखमींना जिथे नेलं त्या सिव्हिल हॉस्पिटलातही बॉम्ब ठेवलेले होते. ५६ माणसं गेली. त्या संध्याकाळी बडोद्यात आम्ही प्रत्येक सायकलीकडे संशयाने बघत घरी आलो होतो. खटला चालला तेरा वर्षं, अकराशेच्या वर साक्षीदार. फेब्रुवारी २०२२ मध्ये खास न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरवलं, ३८ जणांना फाशी आणि ११ जणांना मरेपर्यंत जन्मठेप. आणि हेही ऐका: त्याच न्यायाधीशांनी त्याच निकालात २८ जणांना सोडलं.

या प्रकरणाचं एक टोक तुमच्या इंदुरात आहे. सफदर नागोरी आणि सिमी या बंदी घातलेल्या संघटनेची बाकीची मंडळी तुमच्याकडेच मार्च २००८ मध्ये पकडली गेली होती, स्फोटांच्या चार महिने आधी. आमच्या हालोलजवळच्या जंगलातही त्यांचं शिबिर झालं होतं असं तपासात आलं.

रामबागची_सून

हो नाना, आणि आमच्या चोरललाही. दाल-बाफल्यांचे डबे घेऊन पोरांना घेऊन आम्ही जिथे धबधब्याला जायचो, तिथेच. बातमी वाचली तेव्हा पोटात गोळा आला होता. २०१७ मध्ये आमच्या इंदूरच्या कोर्टाने त्यातल्या अकरा जणांना जन्मठेप दिली. मी तोवर निवृत्त झाले होते, पण माझी एक मैत्रीण सांगायची, निकालाच्या दिवशी आवारात चहाच्या टपरीवाल्यालाही आत येऊ देत नव्हते.

मल्हारगंजचा_मल्हारी

नाना, ३८ फाशा सुनावल्या, छान. दिल्या किती? २०२२ नंतर काय? अपील. मग आणखी अपील. तोवर जेल फोडून पळतील. भोपाळ विसरलात? ऑक्टोबर २०१६, दिवाळीची रात्र, सिमीचे आठ जण सेंट्रल जेलमधून पळाले, जाताना एका हेड कॉन्स्टेबलचा गळा कापला. घरी मुलीचं लग्न ठरलेलं होतं त्या माणसाच्या. सकाळी आठही जण चकमकीत मारले गेले आणि अख्ख्या मध्य प्रदेशाने सुटकेचा श्वास सोडला. नंतर चौकशी आयोगानेही पोलिसांना दोष दिला नाही.

आणि आपण इंदूरचे लोक कोणाच्या गावात राहतो? अहिल्यामातेच्या. वासरू रथाखाली आलं तर पोटच्या पोराला, मालेरावांना, त्याच रथाखाली घालायची शिक्षा दिली तिने. तारीख पे तारीख नाही. याला न्याय म्हणतात.

काळा_कोट

भोपाळची चकमक आणि मालिकेतली गोष्ट एक नाही. ते पळालेले होते, हा पोलिसांच्या ताब्यात होता. तरीही प्रत्येक चकमकीनंतर गुन्हा नोंदवायचा, दुसऱ्या ठाण्याने किंवा सीआयडीने तपास करायचा आणि दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१४ मध्ये बांधून दिलंय. लगेच बढती आणि शौर्यपदकही द्यायचं नाही. मालिकेत तर पुढच्याच दृश्यात पदक!

राजवाड्याची_पायरी

मल्हारी, अहिल्याबाईंना मध्ये आणलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी या मालिका बघत नाही. तुम्ही सांगितली ती दंतकथा आहे. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले, असं इतिहास सांगतो. पण दंतकथा सांगायची तर पुरती सांगा की. अर्ध्यावर का सोडलीत?

बाईंनी शिक्षा सुनावली. रथ हाकायला कोणी धजेना, म्हणून स्वतः रथावर चढल्या. आणि तेवढ्यात ती गाय रथासमोर येऊन आडवी उभी राहिली. हाकलली, पुन्हा आली. पुन्हा हाकलली, पुन्हा आली. शेवटी कारभाऱ्यांनी हात जोडले की ही मुकी माउलीच सांगतेय, आणखी एका आईचं लेकरू नको. ती जिथे आडी आली तो आडा बाजार. राजवाड्यापासून पाच मिनिटांवर आहे, तुम्ही मल्हारगंजात राहता म्हणजे रोज त्याच रस्त्याने जात असाल.

पोहेजिलेबी

थांबा. म्हणजे जिचं वासरू गेलं तीच आडवी आली?

राजवाड्याची_पायरी

हो. तीच.

मल्हारगंजचा_मल्हारी

गायीच्या वासराला अपघात झाला होता. इथे ठरवून बॉम्ब ठेवलाय. तुलना जमत नाही.

राजवाड्याची_पायरी

तुलना मी केली नव्हती, भाऊ.

पोहेजिलेबी

बाद! (मल्हारी, रागावू नका, सराफ्यात भेटलात की माझ्याकडून साबुदाण्याची खिचडी.)

व्यवस्थापक

वरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. मालिकेतल्या आरोपीचा धर्म कोणता असावा, यावर इथे पंचायत बसवायची नाही. त्यात ज्यांनी एकमेकांच्या घरच्यांची चौकशी केली त्या दोघांची खाती आठवडाभर बंद. धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका.

काळा_कोट

धन्यवाद. मी एक राहिलेलं लिहितो. मल्हारीभाऊ, तुमच्याच बाजूने विचार करा. कसाबला चौपाटीवरच मारलं असतं तर? तुकाराम ओंबळ्यांच्या हातात काठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी धरली आणि छातीत गोळ्या खाऊनही सोडली नाही. बाकीचे नऊ जण मेले, हा एक जिवंत राहिला. त्याने गाव सांगितलं, बोट सांगितली, कोणी शिकवलं ते सांगितलं. आम्हाला हिंदी अबू जुंदालने शिकवली, असं तो २००९ मध्ये भर कोर्टात बोलला. २०१२ मध्ये जुंदालला सौदीतून आणलं. हे सगळं नऊ प्रेतांनी सांगितलं नसतं. पाकिस्तान तर मेलेल्यांना आपले म्हणायलाच तयार नव्हता. मालिकेत एसीपीने मास्टरला मारलं तेव्हा मास्टरच्या वरचा माणूस घरी बसून हाच भाग बघत टाळ्या वाजवत असणार.

आणि त्याच खटल्यात दोन भारतीयही आरोपी होते, नकाशे काढून दिले म्हणून. नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला असं म्हणणं होतं. खिसा रक्ताने भिजलेला आणि नकाशा स्वच्छ. न्यायाधीश ताहिलियानींना ते पटलं नाही. ज्या निकालात कसाबला दोषी ठरवलं त्याच निकालात या दोघांना सोडलं, आणि सुप्रीम कोर्टापर्यंत ते सुटलेलेच राहिले. रामबागच्या ताई, तुमच्या सिमवाल्याचं उत्तर मला इथे सापडतं. मास्टरचा खटला चालला असता तरच पोराचाही चालला असता.

मल्हारगंजचा_मल्हारी

ओंबळ्यांचं नाव घेतलंत, तिथे मी गप्प. पण तुम्ही लोक अशांचं वकीलपत्र घेताच कसं? हात थरथरत नाहीत?

काळा_कोट

थरथरतात. घरून फोन येतात, बायको अबोला धरते. काही ठिकाणी बार असोसिएशन ठराव करतात, अमक्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने असे ठराव बेकायदा ठरवले. पण मनात झालेला ठराव कोणतं कोर्ट रद्द करणार? मी स्वतः एकदा नाही म्हटलंय. कोणती केस ते सांगणार नाही. तो पुढे सुटला. दुसऱ्याने चालवली.

चर्चगेट_स्लो (सोमवार, रात्री १.१५)

मघापासून वाचतेय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

मी आता सुदामानगरला असते, पण २००६ मध्ये मुंबईत नोकरीला होते. ११ जुलै, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या आतबाहेर अकरा मिनिटांत सात बॉम्ब, सगळे लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मी मागच्या स्लो गाडीत, बायकांच्या डब्यात. गाडी माटुंगा रोडच्या पुढे थांबली ती थांबलीच. पाऊण तासाने उतरलो आणि रुळांवरून चालत निघालो. पाऊस भुरभुरत होता. रुळाशेजारच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावत होती. मला वाटलं पावसासाठी. त्या चादरीत माणसं उचलत होते. एक चादर निळी होती, तिच्यावर हत्ती होते. लहान मुलाची असणार.

आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ त्या दिवशी आधीची फास्ट पकडून गेले. त्यांचा जेवणाचा डबा घासून पँट्रीत पालथा ठेवलेला होता. तो आठवडाभर तसाच होता. कोणाला हात लावायचं धाडस होईना.

पुढे तेरा जणांवर खटला चालला. २०१५ मध्ये बारा दोषी, पाच जणांना फाशी. आम्ही जुन्या मैत्रिणींनी एकमेकींना फोन केले, रडलो, बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२१ जुलै २०२५, सोमवार. मी इथे स्वयंपाकघरात भुट्टे किसत होते. बातमी आली, हायकोर्टाने बाराच्या बाराजणांना सोडलं. त्यातला एक तर आधीच कोविडने तुरुंगात मेला होता. मी निकालाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कबुलीजबाब एकमेकांवरून उतरवल्यासारखे सारखे. टॅक्सीवाले साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प, मग अचानक आठवण आली. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता तेसुद्धा सरकार पक्षाला नीट दाखवता आलं नाही. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने एवढंच सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत आधार म्हणून वापरू नका, सुटलेल्यांना परत आत यायची गरज नाही. आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथे सहा माणसं गेली होती.

मल्हारी, २००६ मध्ये कोणी एसीपीने त्या तेरा जणांना खंडाळ्याच्या घाटात उतरवून मारलं असतं ना, तर मी तुमच्यापेक्षा जोरात टाळी वाजवली असती. आणि प्रकरण मिटलं असतं. माझ्या मनातूनसुद्धा. मी आयुष्यभर समजले असते की डब्यांत बॉम्ब ठेवणारे मेले.

काळा_कोट, तुमच्यावरही मी खूश नाही. सुटका झाली त्या दिवशी तुमच्यासारखे लोक पेढे वाटत होते. संविधान जिंकलं म्हणे. कोण जिंकलं? पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली आणि आज कायद्याच्या भाषेत त्यांना कोणीच मारलेलं नाही. तुम्ही म्हणता खटला चालला की खरं कळतं. एकोणीस वर्षं चालला. मला काय कळलं? या बाराजणांवर सिद्ध झालं नाही, एवढंच. मग कोणी ठेवले? तो तपास आता कोण करतंय? एक नाव सांगा.

मला फाशी नको, गोळी नको, काही नको. कोण होता तेवढं सांगा. लोकलच्या त्या डब्यात वरच्या फळीवर पिशवी ठेवून कोणत्या स्टेशनला उतरला.

काळा_कोट (सोमवार, सकाळी ७.०५)

ताई, नाव नाही माझ्याकडे. पेढ्यांबद्दल क्षमस्व, मी वाटले नव्हते, पण आनंद झाला होता. तुमचा प्रतिसाद वाचून तो आनंद आज जरा टोचतोय.

हवालदार_निवृत्त

मी खात्याचा माणूस म्हणून सांगतो. वरून रोज फोन येतो, ‘पकडलं का?’ कोणी ‘बरोबर माणूस पकडला का?’ असं विचारत नाही. तीन आठवड्यांत कोणीतरी दाखवावाच लागतो. मग साक्षीदाराला शंभर दिवसांनी आठवतं. मी अशा मोठ्या केसमध्ये नव्हतो, पण छोट्या केसमध्ये हे कसं होतं ते पाहिलंय आणि गप्पही बसलोय. मालिकेतल्या गोळीला टाळ्या वाजतात ना, तो फोन तिथूनच सुरू होतो.

बडोदेकर_नाना

गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराचंही हेच झालं. सप्टेंबर २००२ चा हल्ला, खालच्या कोर्टाने तिघांना फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली. १६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. लोकसभेच्या निकालाचा दिवस होता, त्यामुळे बातमी कोणी वाचलीच नाही.

मल्हारगंजचा_मल्हारी

चर्चगेटताई, तुमचं दोनदा वाचलं. रात्री बायकोला वाचून दाखवलं. मला काय लिहावं समजत नाही.

टाळी मात्र मी परत घेणार नाही. मालिकेत त्यानेच बॉम्ब ठेवला होता, ते आपण पहिल्या भागात डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला टाळी वाजवली. खऱ्या आयुष्यात कॅमेरा आधीपासून चालू नसतो, हे मला मान्य. तेवढंच मान्य.

पोहेजिलेबी

भिया, तुम्ही वाटता तेवढे कडक नाही हो. खिचडी पक्की.

राजवाड्याची_पायरी

मालिका बघत नाही म्हटलं होतं, पण काल रात्री तो भाग मोबाइलवर पाहिला. पावसात गोळी लागल्यावर मास्टरचे कपडे कोरडे आहेत.

रामबागची_सून (पुढचा रविवार, रात्री ११.१०)

आज नवीन गोष्ट सुरू झाली. विम्यासाठी नवऱ्याचा खून. एसीपीचं पदक भिंतीवर टांगलेलं दिसलं, बॉम्बस्फोटाचा उल्लेखही नाही.

सासूबाई शेवटपर्यंत जागत बसल्या होत्या. जाहिराती सुरू झाल्यावर मला म्हणाल्या, “त्या टपरीवाल्या पोराला सोडलं का गं यांनी?” मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं की दाखवलं नाही. त्यांना ऐकू आलं नाही बहुतेक. म्हणाल्या, “उद्या दाखवतील.”